पसरणी घाटात तिसरा गिअर

वाईहून फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या गॅरेजात एका जीपखाली आडवा पडलो होतो. पलीकडून बोलत होत्या एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका. त्यांच्या डॉक्टर वडिलांची विलायती स्पोर्ट्स कार घरामागच्या शेडमध्ये पंधरा वर्षं झाकून ठेवलेली होती. जुन्या कार्बुरेटरला हात लावणारा माणूस त्यांना कुठं मिळत नव्हता. "बघून तर जा," म्हणाल्या.

वाईला गेलो, तशी बाईंनी ताडपत्री ओढली. दोनच सीट, वर टप नाही, साईच्या रंगाची लांबलचक बॉडी, तारांची चाकं आणि बॉनेटवरून आवळलेला कातडी पट्टा. असली गाडी मी तोवर फक्त जुन्या मासिकात बघितली होती. बॉनेट उघडलं तर शेजारी शेजारी दोन कार्बुरेटर. दोन्हींची हवा सारखी जुळवायची म्हणजे किचकट काम.

अडीच महिने दर शुक्रवारी नमाज उरकली की मी वाईची एसटी धरायचो. टाकी धुतली, ब्रेकचे रबर बदलले, वायरिंग नव्यानं ओढली. कार्बुरेटर जुळवताना रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं हवेच्या तोंडाशी धरून बसायचो. दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा झाला त्या दिवशी इंजिन असं काही बोललं, की बाई हातातला चहा तसाच ठेवून अंगणात आल्या.

"उद्या पाचगणीपर्यंत जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "तू चालव. मी चौऱ्याहत्तरची आहे."

सकाळी सातला निघालो. सीट इतकी खाली, की हात बाहेर सोडला तर डांबराला लागेल. वाई सुटली, पसरणी घाट लागला आणि मी जरा पाय दाबला. गाडी नुसती उसळली. तीस वर्षांत शेकड्यानं गाड्या चालवल्या असतील, पण पाठीतून, मांड्यांतून, तळहातातून रस्ता असा कधी कळला नव्हता. डावीकडं खोल दरी, खाली धोमचं पाणी, अंगावर गार वारा. मी लहान पोरासारखा हसत होतो.

पहिलं अवघड वळण आलं, मी खालचा गिअर टाकला आणि गिअरबॉक्स करवतीसारखा किंचाळला. दुसऱ्या वळणावर तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या वळणाआधी बाई शांतपणे म्हणाल्या, "गाडी बाजूला घे."

घेतली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"क्लच एकदाच दाबतोयस तू. ही नव्या गाडीसारखी ऐकत नाही. क्लच दाब, न्यूट्रल कर. क्लच सोड, जरा रेस दे. मग पुन्हा दाब आणि गिअर टाक."

"मला म्हाईत हाय बाई, पण हात ऐकंना," मी म्हणालो.

"मग इकडे ये. मी दाखवते."

मी म्हणालो, "आवं, लय वर्सं झाली तुमाला."

"पंधरा," म्हणत त्या उतरून पलीकडून आल्यासुद्धा. पदर कमरेला खोचला, चष्मा घट्ट बसवला आणि निघाल्या.

पहिली दोन वळणं त्यांनी जपून घेतली. तिसऱ्याला पाय खाली-वर झाला, मधे इंजिननं एक हुंकार दिला आणि तिसरा गिअर आवाज न करता बसला. मग बाई खुलल्या. वळणाआधी वेग कमी, वळणात चाक स्थिर, बाहेर पडताना सगळा जोर. टायर जरासुद्धा घसरत नव्हते. समोरून स्ट्रॉबेरीचे क्रेट भरलेला टेम्पो आला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून गाडी बघितली, मग चालवणारीकडं बघितलं आणि हॉर्नवरचा हात काढायचं विसरून गेला.

"अठराव्या वर्षी वडिलांनी याच घाटात शिकवलं," बाई वाऱ्यात ओरडून सांगत होत्या. "आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती."

पाचगणीत टॅक्सीवाल्यांनी गराडा घातला. एकानं मलाच विचारलं, "गड्या, कोन चालवत आणली?" मी बाईंकडं बोट केलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

उतरताना चाक माझ्याकडं आलं. सगळा घाट खालच्या गिअरवर, इंजिननंच गाडी रोखत उतरायचा, ब्रेक तापवायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं होतं. चारदा गिअर करकरला, पाचव्यांदा अलगद बसला. बाईंनी माझ्या खांद्यावर थाप मारली. लग्नात मिरवतानासुद्धा माझी छाती एवढी फुगली नव्हती.

त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा निघतो. मागच्या महिन्यात म्हसवडच्या बाजूला गेलो होतो. गाडी बाईंच्या हातात होती. माळावरचा सरळ, रिकामा रस्ता समोर दिसला तशा बाई म्हणाल्या, "घट्ट धर." काटा नव्वदवर थरथरत होता. शेळ्यामेंढ्या दूर शेतात उभ्या राहून बघत होत्या आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी वाहत होतं.