डबा हलवून ओळखलेला पोरगा

आमच्या नेरमध्ये हा किस्सा माझ्या माघारी सगळ्यांचा सांगून झाला आहे. म्हणून म्हटलं, आता आपणच आपल्या तोंडानं सांगावा. निदान तिखटमीठ तरी आपल्या हातचं राहील!

आमच्याकडे भुलाबाई बसतात. महिनाभर पोरी रोज संध्याकाळी एकीच्या घरी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. झाकलेला डबा हलवायचा, कान लावायचा आणि सांगायचं, गोड का तिखट, कोरडं का ओलं. या कामात मी लहानपणापासून उस्ताद! शाळा आठवीत सुटली, पण डबा हलवण्यात मला अजून कोणी हरवलं नाही.

आणि खोटं कशाला सांगू? हीच विद्या मी गल्लीतही चालवते. कोणाच्या दारात कोणती चप्पल, कोणाच्या दोरीवर कोणता शर्ट, एवढ्यावरून मी घराच्या आतलं सांगते. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी भुलाबाई शेजारच्या समीक्षाकडे होत्या. पोरगी सतरा वर्षांची, अकरावीत, रोज सकाळच्या बसनं यवतमाळला जाते. हुशार आहे. तिचे वडील गजाननभाऊ पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात, आणि त्यांचं डोकं मोटारीच्याही आधी गरम होतं. पोरीला यवतमाळला धाडतानाच त्यांनी बजावलं होतं, "एक जरी गोष्ट कानावर आली, तर कालेज बंद."

हे मला माहीत होतं बरं का. माझ्याच ओट्यावर बसून बोलले होते ते. विसरू नका, कारण माझी खरी लाज इथेच आहे.

तर मी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या गच्चीचा जिना चढत होते. गाणी संपली होती. वरून खी-खी ऐकू आली, तशी मी शेवटच्या पायरीवर थांबले. थांबले म्हणजे काय, गुडघ्याला जरा आराम दिला.

पोरींनी नवाच खेळ काढला होता. खाऊ नाही, पोरगा ओळखायचा! आपल्याला कसा आवडतो ते एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी नाव घ्यायचं.

"माहा उंच पाहिजे बाप्पा. फोटोत चांगला दिसला पाहिजे."

"मले हसवणारा पाहिजे. थोबाड पाडून बसणारा घरी एक हाय, माहा भाऊ."

"अन् मेसेज वाचून गप बसणारा नाई पाहिजे!"

मग समीक्षा म्हणाली, "आता माहा ओळखा. दिसायले साधाच हाय. पण आपण बोलत असलो की तो मोबाईल उलटा ठेवते अन् पूर्ण ऐकते."

"मुका हाय काय वं?"

"ऐक तर! चुकलं तर सरळ म्हणते, माहं चुकलं. कारणं सांगत नाई. समोरचा कितीबी बोलला तरी आवाज चढवत नाई. सोता चहा करून आणते, अन् साखर किती, ते इचारून टाकते."

"असा पोरगा नेरात? फेकू नको!"

"नेरातच! लाल गाडी हाय त्याच्यापाशी. रोज सकाळी आमच्या दारावरून जाते."

लाल गाडी! झालं, डबा हलला! मोबाईलच्या दुकानातला पवन! त्याची लाल गाडी गल्लीत शिरली की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरतात. ओळखलंच मी! मी पुढचं ऐकायला थांबले? छे! चिवड्यासकट उलट्या पावली खाली, थेट स्वयंपाकघरात समीक्षाच्या आईकडे.

"सविता, तुह्या भल्यासाठी सांगून राह्यली. पोरीवर ध्यान दे. लाल गाडीवाला हाय कोणी. पण कोणाले बोलू नको."

"मी कायले बोलू, ताई?"

बोलली ना! कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत गजाननभाऊंना बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची बस गेली आणि समीक्षा गेली नाही. तिचं दप्तर खिडकीत तसंच पडलेलं. कॉलेज बंद झालं, हे ओळखायला डबा हलवायची गरज नव्हती. पण मन म्हणे, आधी खात्री करू. गेले पवनच्या दुकानावर.

"काहून रे पवन, तुले चहा करता येते काय?"

"काकू, मले पाणीबी गरम करता येत नाई. चहा पाहिजे काय? सांगू समोरच्या टपरीवर?"

"नको. अन् चुकलं तर माफी मागतोस काय?"

तो विचारात पडला. "माहं चुकतच नाई न काकू."

एवढं सगळं तो मोबाईलमधून डोकं वर न काढता बोलला. मी घाम पुसत परत फिरले. या डब्यात तर तो खाऊच नव्हता!

घरी येते तर अंगणात कचेरी भरलेली. गजाननभाऊ उभे, सविता पदर तोंडाला लावून, आणि समीक्षा. डोळे सुजून टमाटर.

"वहिनी, नाव सांगा त्या पोराचं," गजाननभाऊ गरजले. "हे तर तोंड उघडून नाई राह्यली. कालेज तर बंद केलंच हाय, पण त्याले मी सोडत नाई!"

कोणाचं नाव सांगू? गल्लीत येता-जाता जीभ चालते, आणि हवी तेव्हा टाळूला चिकटते!

समीक्षा हुंदका देत म्हणाली, "काकू, तुम्ही तर खाऊ ओळखण्यात पहिल्या. मग डबा उघडेपर्यंत थांबल्या काहून नाई? सगळ्या पोरींनी ओळखलं. खो खो हसल्या."

"कोण हाय मंग?" गजाननभाऊ.

"बाबा, रातभर तुम्हीच वरडले, मले बोलू कुठं दिलं? लाल गाडी तुमच्या मागंच उभी हाय."

सगळे मागं वळले. भिंतीला टेकून उभी होती आमच्या ह्यांची मोपेड! लाल, म्हणजे कधीकाळी लाल. मी तिला वीस वर्षं खटारा म्हणते. तिला कोणी गाडी म्हणेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं!

आणि तेवढ्यात घरातून आमचे हे बाहेर आले. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहा. कापडाच्या दुकानात नोकरी आहे ह्यांची. बायका चाळीस साड्या उलगडतात आणि "पाहून येतो" म्हणून जातात, तरी हे हसत हसत घड्या घालतात. त्यांना काय झालं, काय नाही, काही पत्ता नव्हता.

"बसा न गजाननभाऊ. आमच्याकडून काही चुकलं असन तर माफ करा. साखर किती टाकू?"

गजाननभाऊंनी एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"मी एवढंच म्हटलं होतं बाबा," समीक्षा डोळे पुसत म्हणाली, "की कधी भेटलाच तर काकांसारखा भेटावा. नाई तर नाई."

गजाननभाऊंनी कप घेतला. घोटभर प्यायले. म्हणाले, "एक चमचा." मग जमिनीकडे पाहत, "भाऊ माफी मागून राह्यले, अन् मी तर फाटक आपटूनच आलो." आणि पोरीकडे न पाहताच, "दहाची बस हाय ना? जाय. मी सोडतो स्टॅन्डवर."

पोरगी दप्तर आणायला धावली. मी तिला दारात गाठलं आणि हात जोडले. म्हटलं, "माहं चुकलं." कारण सांगायचं जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

ती हसली. म्हणाली, "काकांजवळून शिकल्या काय?" आणि माझ्या गळ्यातच पडली. तिचं कॉलेज माझ्या जिभेपायी जात होतं, आणि ती पोरगी मलाच थोपटत होती! देवानं मला शेजार दिला तो असा. आजही बसमधून उतरली की आधी माझ्या ओट्यावर येते. तिचे उपकार मी कशात मोजू?

आणि दुसरे उपकार सांगायचे राहिलेच. अख्ख्या गल्लीचे डबे मी हलवत फिरले, आणि सत्तावीस वर्षं घरातल्या डब्याचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं. आत काय आहे, ते एका सतरा वर्षांच्या पोरीनं गच्चीवर बसून सांगितलं.

त्या संध्याकाळी ह्यांनी नेहमीसारखा चहा आणला. संसारात पहिल्यांदा म्हटलं, "अहो, तुम्ही लय चांगले आहात. तुम्ही होते म्हणून माहं निभलं."

ह्यांनी मोबाईल उलटा ठेवला. माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "अंगात ताप तर नाई वाटत. तरी चाल, डॉक्टरले दाखवून येऊ. गाडी काढू काय?"