तीन की आठ

कुठलीही वस्तू हातात दिली की काका आधी ती उलटी करून बघत. श्रीखंडाचा डबा असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर माझ्या नव्या फोनचा खोका. तळाशी काय लिहिलंय ते वाचून झालं की मगच वस्तू सुलटी होई. आणि कोणी काही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "कोण म्हणतं?" उद्या पारा एकशे दहा फॅरनहाइटवर जाणार आहे म्हटलं, तरी "कोण म्हणतं?"

अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचा तो नुसता स्वभाव असतो. काकांचं त्यावर पोट होतं. २००१ मध्ये मी पुण्याहून अमेरिकेत, चँडलरच्या एका चिपच्या कारखान्यात आले, तेव्हा खराब निघालेल्या चिप तपासायच्या लॅबमध्ये ते माझे सीनियर होते. चिप कशानं मेली, ते मायक्रोस्कोपखाली शोधायचं. मूळचे विदर्भातले, पन्नाशी उलटलेले, इथले नागरिक होऊनही बरीच वर्षं झालेली. आम्ही चार-पाच मराठी पोरं दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला असायचो.

मी जुनी गाडी घ्यायला निघाले तेव्हा ते बरोबर आले. विकणारा इंजिनचं कौतुक करत होता आणि काका मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट ओढत होते. पट्टा शेवटपर्यंत बाहेर काढला, तर त्यावर सुकलेल्या चिखलाची एक सरळ रेघ. गाडी पुरात बुडून आलेली होती. काकांनी पट्टा हळूच आत सोडला, विकणाऱ्याला "थँक यू" म्हटलं आणि मला म्हणाले, "चल. ह्याच्याशी भांडायचं नाही, पट्ट्यानं सांगितलंय सगळं."

पुढच्या उन्हाळ्यात आमची लॅब बंद होणार असं कळलं. माझी बदली दुसऱ्या विभागात झाली. काकांचं नाव मात्र जाणाऱ्यांच्या यादीत होतं. तरी ते रोजच्यासारखे आठला यायचे, चिप तपासायचे. आणि एका दुपारी डबा खाताना सहज म्हणाले, की शेजारच्या मेसा गावात एका दुकानात एक जुनं रिव्हॉल्व्हर बघितलंय. ब्रिटिश बनावटीचं, वापरलेलं, संग्राहक घेतात तसलं. घ्यावं का याचा विचार चाललाय.

एकानं विषय क्रिकेटकडे नेला.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. काका तीन शनिवार त्या दुकानात जाऊन येतायत, सोबत भिंग नेतात, घरी आले की गप्प असतात. विचारलं तर म्हणतात, जुनी वस्तू आहे, बघतोय. मग काकूंचा आवाज खाली आला. "नोकरी जाणार हे कळल्यापासून झोपही नाही ग त्यांना. मनात काही वेडंवाकडं तर नसेल ना? तू जा एकदा बरोबर. तुझं ऐकतात ते."

म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, मलाही ते दुकान बघायचंय. काकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "चल. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

वाटेत मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. दाढी नीट केलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता. यावरून काय ओळखायचं असतं, मला माहीत नव्हतं. काकूंना काय सांगायचं, दूर प्लेनोला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला कळवायचं का, हेच डोक्यात फिरत होतं.

दुकानदार सत्तरीचा, सैन्यातून निवृत्त झालेला. तोही काकांवर नजर ठेवून होता. ते वर्ष आठवा, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं. आमच्या रंगाच्या माणसानं बंदुकीच्या दुकानात नुसतं उभं राहिलं तरी माना वळायच्या. आणि हा माणूस तर सलग चौथा शनिवार येत होता. गोळ्या कुठल्या लागतात, नेम कसा आहे, हे एकदाही न विचारता फक्त नंबर बघत होता. म्हाताऱ्यानं ते रिव्हॉल्व्हर मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं आणि हात मागे न घेता तसाच उभा राहिला.

काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. मुठीच्या वर लोखंडात इंग्रजी आकड्यांत एक पाच आकडी नंबर ठोकलेला होता, वापरानं झिजलेला. त्याच्या शेजारी कुठल्याशा हिंदुस्थानी पोलीस दलाची पुसट खूण होती.

"दुसरा आकडा वाच," काका म्हणाले. "अंदाज करू नकोस. दिसतो तो सांग."

मी दिव्याखाली धरून पाहिला. वाकवून पाहिला. "तीन आहे, काका."

"आठ नाही?"

"डावीकडे रेघच नाहीये. झिजलेली असती तर खाचेचा तळ तरी दिसला असता. तीनच."

नेहमीचा प्रश्न येईल म्हणून मी थांबले. तो आला नाही. ते स्टुलावर बसले. दुकानदारानं पहिल्यांदाच हात मागे घेतला आणि त्यांना पाणी आणून दिलं. मग सरळच विचारलं, की तुम्ही नक्की काय शोधताय?

काकांनी त्याला सांगितलं. इंग्रजीत, अगदी लॅबचा रिपोर्ट द्यावा तसं. त्यांचे वडील एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात हत्यारांची देखभाल करायचे. एका मोजणीत एक रिव्हॉल्व्हर कमी भरलं. वडील निलंबित झाले, दोन वर्षं चौकशी चालली. शेवटी पुराव्याअभावी सुटले. पण हत्यार काही सापडलं नाही, आणि गावानं "पुराव्याअभावी" एवढाच शब्द लक्षात ठेवला. नंबर घरात सगळ्यांना पाठ होता. ह्या नंबरात आणि त्याच्यात फक्त दुसऱ्या आकड्याचा फरक, त्यात तो आठ होता. तसली हत्यारं पुढे पेट्याच्या पेट्या भरून परदेशी व्यापाऱ्यांकडे गेली, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. हेच ते असेल, तर कोणीतरी सरकारी मालातच ते इकडचं तिकडे केलं असणार. वडिलांनी नाही.

दुकानदार म्हणाला, संग्राहकांची एक यादी असते, मी नंबर फिरवून बघतो. काकांनी मान हलवली. नको म्हणाले. रिव्हॉल्व्हर मखमलीत गुंडाळून त्यांनी स्वतःच त्याच्याकडे सरकवलं.

गाडीत बसल्यावर मी त्यांना सांगून टाकलं, की मी काकूंच्या सांगण्यावरून आले होते आणि आम्हाला कसली भीती वाटत होती.

"कळलं होतं मला," ते म्हणाले. त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. "चौदा वर्षांचा होतो मी. बाबा बाहेर गेले होते, तेव्हा मी त्यांची ट्रंक उपसली. तळापर्यंत. ते दारात येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. त्या दिवसापासून त्यांनी त्या ट्रंकेला कुलूप लावलं नाही. मरेपर्यंत."

"तीन शनिवार मला तिथे आठ दिसत होता," ते म्हणाले. "मला तो दिसायला हवा होता म्हणून. लॅबमध्ये असं कोणी केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं." मग किल्ली फिरवत म्हणाले, "तुम्ही दोघींनी संशय घेतलात, त्यात चूक नाही. पण तू ते तोंडावर सांगितलंस. मी बाबांना कधी विचारलंच नाही."

घरी पोचल्यावर मी आत गेले नाही. खिडकीतून दिसलं, काका स्वयंपाकघरात उभे राहून बोलतायत आणि काकू हातातलं काम टाकून ऐकतायत. तीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी काकूंना सांगितलं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

त्या दिवाळीनंतर ते दोघं मुलीकडे प्लेनोला गेले. काकांना तिथे एक छोटी नोकरीही मिळाली. फोन व्हायचे, मग कमी झाले. २००७ मध्ये ते हृदयविकारानं गेले. मला महिन्याभरानं जाता आलं.

काकूंच्या दिवाणखान्यात एक फोटो होता, खाकी गणवेशातल्या माणसाचा. चँडलरच्या घरात मी तो कधी पाहिला नव्हता. सासऱ्यांचा, ह्यांनी भावाला सांगून नागपूरहून मागवला, काकू म्हणाल्या. रोज ऑफिसला जायच्या आधी काका त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहायचे. पूजापाठ करणारा माणूस नव्हे, म्हणून काकूंनी एकदा विचारलं, की रोज काय करता हो तिथे?

"तर म्हणाले, माफी मागतो."

काकूंनी पदरानं फोटोची काच पुसली आणि मला बसायला सांगून त्या चहा ठेवायला आत गेल्या.