संत, कुत्रा आणि खुबूज

सौदीत राबिघच्या रिफायनरीवर वेल्डर म्हणून लागून महिनाही झाला नव्हता आणि मला कांजिण्या आल्या. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, अजून हातात नव्हता. आजारी माणूस म्हणून परत पाठवतील, या धास्तीने मी खोलीतही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फोड झाकायचो.

आमच्या खोलीत आठ जण. त्यात पन्नाशीचा एक फिटर होता, वसईकडचा कॅथलिक. त्याने सरळ जाऊन कॅम्प बॉसला सांगितलं. मी त्याला नाही नाही ते बोललो. "बरा झालास तर बघू," म्हणत बॉसने मला मागच्या रिकाम्या केबिनमध्ये टाकलं. संध्याकाळी हाच फिटर गादी खांद्यावर घेऊन दारात उभा.

"सातही जणांना दिलं असतंस. आता गप पड. मला लहानपणी येऊन गेल्यात."

कामावरून आला की तो माझे कपडे धुवायचा. आमच्याकडे कांजिण्यांत अंथरुणाशी कडुलिंब ठेवतात, एवढं मी बोललो मात्र, दुसऱ्या दिवशी याने कुठून तरी डहाळी पैदा केली. जेवताना तो त्याच्या गावच्या चर्चमधल्या संताची गोष्ट सांगायचा. संताचं चित्र, गळ्यातला क्रूस, सौदीत चालत नाही म्हणून सगळं तो घरी ठेवून आला होता. गोष्ट तेवढी बरोबर आणली होती.

सहा-सातशे वर्षांपूर्वीचा संत, फ्रान्समधल्या श्रीमंत घरातला. सगळं वाटून टाकून इटलीत प्लेगच्या रोग्यांची सेवा करत हिंडला. शेवटी त्यालाच गाठ आली. कुणाला त्रास नको म्हणून तो रानात जाऊन पडला, तर एक कुत्रा रोज तोंडात पाव धरून आणायचा. बरा होऊन गावी परतला तेव्हा लोकांनी हेर समजून त्याला कोठडीत डांबला. तिथला अधिकारी त्याचा सख्खा काका, पण याने नाव सांगितलं नाही. कोठडीतच गेला.

"येडाच म्हणायचा," मी म्हणालो. "एक शब्द बोलला असता तर सुटला असता."

"सुटला असता की," म्हणत त्याने खुबूज, म्हणजे तिथली अरबी रोटी, मोडून मोठा अर्धा माझ्याकडे सरकवला.

पंधरवड्याने मी बरा झालो. बॉसने कामावर घेतलं, पुढे इकामाही आला. पण त्याच आठवड्यात फिटरच्या कपाळावर फोड उठले. त्याला कांजिण्या कधी आल्याच नव्हत्या. चार दिवसांनी तो संताच्या सणाला घरी निघायचा होता, ते विमान चुकलं.

"दादा, खोटं का बोललात?" मी भडकलोच.

"खरं सांगितलं असतं तर बॉसने मला इथे राहू दिलं असतं?"

दुसऱ्या दिवशी गरम खुबूज कागदात गुंडाळून मी त्या केबिनचं दार ढकललं. तो सुजलेल्या डोळ्यांनी हसला.

"आलं का रे माझं कुत्रं?"

एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मी कानाखाली वाजवली असती. पण त्या माणसाने दिला तेवढा मोठा मान मला पुढे कुणीच दिला नाही.