हौसाबाईंची खुर्ची

मंडळी, आत्ताच तिसगावहून घरी पोचले. आईने चहा ठेवलाय, तोवर हे लिहिते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तिसगावात दर आठवड्याला धडधाकट आजी-आजोबांकडून स्मरणशक्तीचे व्यायाम करून घेते. सुरुवात साखळीने होते. पहिल्याने आपलं नाव आणि सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. पुढच्याने आधीच्या सगळ्यांचं सांगून मग स्वतःचं.

हौसाबाईंचं उत्तर कधी बदललं नाही. शिळी भाकरी आणि दूध. सगळे हसायचे, त्याही हसायच्या.

गेल्या आठवड्यात हौसाबाई वारल्या. कुणाला वाईट वाटू नये म्हणून आज मी त्यांची खुर्ची आधीच उचलून ठेवली.

साखळी तात्यांपर्यंत आली. त्यांनी ओळीने नावं घेतली आणि मध्येच म्हणाले, "हौसाबाई, शिळी भाकर आन् दूध."

मला वाटलं, ते विसरले. हळूच म्हटलं, "तात्या, हौसाबाई गेल्या ना."

"म्हाईत हाय, ताई. मातीला गेल्तो की मी. तुमी खुर्ची उचलली. आता नाव बी गाळायचं व्हय?"

त्यांच्यानंतर प्रत्येकाने हौसाबाईंचं नाव घेतलं, शिळ्या भाकरीसकट. हसलं कुणीच नाही.

बाबा गेल्यापासून आम्ही भावंडं आईसमोर त्यांचा विषय काढत नाही. तिला त्रास नको म्हणून. तीही काढत नाही.

आई चहा घेऊन समोर येऊन बसलीय. तुम्हीच सांगा, कुठून सुरुवात करू?