फेरीच्या धक्क्यासमोरचं नक्षत्र

चूक माझी होती. सोळा वर्षं ती माझी मलाच कळली नाही. कळली तेव्हा ज्याला सांगायला हवी होती तो माणूस बहारीनमध्ये माझ्याच खोलीत, समोरच्या खाटेवर झोपत होता.

पलटणीतून नायक म्हणून पेन्शनवर आलो आणि सत्त्याहत्तर साली मनामाच्या बंदरावर एका गोदामाचा सिक्युरिटी गार्ड झालो. तिथले स्टोअरकीपर मिंगेलबाब गोव्याचे, माझ्याहून वयानं मोठे. दिवसभर मी गेट सांभाळायचो, ते माल उतरवून घ्यायचे, संध्याकाळी आम्ही एकत्र जेवायचो. मला ते 'नायक' म्हणत, थोडं चिडवून.

एका शुक्रवारी आम्ही तिथला पोर्तुगीज किल्ला बघायला गेलो. पडक्या भिंती, समोर समुद्र.

"पाकले इथंही होते?" मी विचारलं. गोव्यात पोर्तुगिजांना पाकले म्हणतात.

"होते तर. यांनी लवकर हाकलले. आमच्याकडे मुक्काम लांबला."

मग ते स्वतःबद्दल बोलले. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातलं खनिज जहाजं भरभरून बाहेर जाई. बाजारात हॉलंडचे बटाटे मिळत, पण सरकारविरुद्ध बोलायची सोय नव्हती आणि शिकलेल्या पोरांना नोकरी नव्हती. एकसष्टला आपली फौज गोव्यात शिरली, त्यानंतर ते मोझांबिकला गेले. तीही पोर्तुगिजांचीच वसाहत. तिथं दुकान काढलं, घर बांधलं. पंच्याहत्तरला तो देश स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारनं घरं ताब्यात घेतली.

"दोन्हीकडे झेंडा बदलला, नायक. दोन्हीकडे मी खलास."

"पण गोवा का सोडलात?"

"मी फेरीवर तिकिटं फाडायचो. तुझ्या फौजेनं घरातून धरलं मला. उन्हाळ्यापर्यंत पाकल्यांच्या कैद्यांत ठेवलं. सुटून आलो तर गाव म्हणे, हा पाकल्यांचा हेर. माझं नाव भावानं दिलं, आंतोननं. घराच्या वाटणीवरून वाद होता आमचा. तेव्हापासून त्याचं तोंड पाहिलं नाही."

मी गाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी थर्मासमधलं पाणी प्यायलो आणि परत निघू या म्हणालो.

डिसेंबरात त्यांनी खोक्यांच्या लाकडी पट्ट्या आणि लाल कागद घेऊन नाताळचं नक्षत्र, म्हणजे चांदणीच्या आकाराचा कंदील, केलं. आत बल्ब लावला. ते पेटलं तेव्हा तो दिवा मी ओळखला.

अठरा डिसेंबर एकसष्ट, संध्याकाळ. नदीवरचा पूल पोर्तुगिजांनी उडवलेला होता. आमचा सेक्शन फेरीच्या धक्क्याजवळ झाडीत पडून होता. पलीकडे शत्रूची चौकी, शेजारी एक घर. त्या घरावर एकाएकी लाल चांदणी पेटली. मी माणदेशातला. असला दिवा जन्मात पाहिला नव्हता. लगेच गोळी आली आणि माझ्या डाव्या हाताचा शिपाई ज्ञानदेव माने पडला.

मी वायरलेसवर बोललो. "पलीकडे लाल दिवा. सिग्नल आहे. माने गेला. ओव्हर."

"दिवा कुठं? ओव्हर."

"चौकीशेजारचं कौलारू घर. ओव्हर."

सकाळी नदी ओलांडली. घरातून खाकी शर्टातला एक माणूस बाहेर काढला. तो फेरीचा तिकीटवाला होता. मी म्हणालो, "हाच." त्याचा चेहरा मी नीट पाहिलाही नाही.

"त्या साली लावलं होतं नक्षत्र?" मी मिंगेलबाबना विचारलं.

"लावलं की. आई म्हणाली, सरकार कोणाचंही येऊ दे, नाताळ येणारच. रोज दिवेलागणीला पेटवायची."

रोज. म्हणजे आदल्या संध्याकाळीही. मग गोळी का आली? आमची हालचाल दिसली असेल, की त्या उजेडात ज्ञानदेव दिसला? मला आजही सांगता येत नाही.

मिंगेलबाबची रजा मंजूर झाली होती. तिकीट त्यांनी मुंबईपर्यंतच काढलं.

"गावी नाही जाणार?"

"तिथं आंतोन आहे. खूप आजारी आहे म्हणतात. असू दे."

जेवणाआधी ते घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना करत. त्या दिवशी मी म्हणालो, "आणखी एक नाव घ्याल? शिपाई ज्ञानदेव माने. तुमच्या फेरीच्या धक्क्यावर गेला."

त्यांनी मान वर केली. "तू होतास तिथं?"

"होतो. तुमच्या नक्षत्राला सिग्नल मी म्हणालो. तुमच्याकडे बोट मी दाखवलं. आंतोननं नाही."

ते नक्षत्राकडे बघत राहिले. ताटातला भात निवला. मग त्यांनी हात जोडले. आईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं. थोडं थांबून ज्ञानदेव मानेचं घेतलं.

मी उठून उभा राहिलो.

"मिंगेलबाब, मला माफ करा."