मार्थाताईंच्या झाडावरचा हलवा

शेजारच्या मार्थाताईंच्या रूथचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलली पोरगी. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई सुटली एकदाची, असंच आधी मनात आलं. खोटं कशाला बोलू? मग मात्र आठवलं. मार्थाताईंजवळ मला एक गोष्ट कबूल करायची होती, ती राहूनच गेली होती.

छावणीच्या वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्या नर्स, मी शिवणकाम करणारी. नाताळात त्या व्हरांड्यातली मोरपंखीची कुंडी सजवायच्या, पण विकतचं काही आणायच्या नाहीत. गोळ्यांच्या चमकत्या कागदांच्या चांदण्या, कापडात गुंडाळलेल्या काड्यापेट्या, दोऱ्यात ओवलेले बत्तासे. एका वर्षी मी म्हटलं, "संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतो आम्ही, तुमच्या झाडानं काय घोडं मारलंय?" आणि हार, बाजूबंद, बिंदी, सगळा साज झाडाला चढवला. सकाळी बघतो तर मुंग्यांची रांग पार शेंड्यापर्यंत! मार्थाताई हसून हसून खालीच बसल्या. "सुमन, तुझ्या सुनेचं अख्खं माहेर आलं बघ!" तेव्हापासून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची, हा आमचा रिवाजच पडला.

हलवा दरवर्षी माझ्याकडं. मंद शेगडीवर तीळ, वरून चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. बोटं भाजतात, पण थंडीत दाण्याला काटा फुटला की लई हरखायला होतं. मार्थाताई हार बघायच्या आधी म्हणायच्या, "हात बघू." मग मलम लावता लावता रागवायच्या.

गेल्या वर्षी सांधेदुखीनं माझी बोटं वळेनात. गुलमंडीच्या बाजारातून तयार हलवा आणला, ओवला आणि घेऊन गेले. त्यांनी पडल्या पडल्याच माझे हात धरले. "यंदा भाजली नाहीत?" तोंडातून निघून गेलं, "सवय झाली आता." त्यांनी माझे हात हलकेच थोपटले. आजारी बाईला फसवलं मी! वर्षभर उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले...

परवा नाताळच्या तयारीला रूथ आईच्या घरी आली. मी रडतच तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मावशी, आईला ठाऊक होतं. तुम्ही घरी गेल्या गेल्या म्हणाली, सुमननं यंदा बाजारचा हलवा आणला, देवाची कृपा. पहिल्यांदा तिचे हात धड बघितले. तिला काही बोलू नकोस, खट्टू होईल."

अगं बाई! वर्षभराचं ओझं उतरलं. रडता रडता मला हसूच फुटलं.

यंदाही हलवा विकतचाच आणला, उजळ माथ्यानं. परातीत पाणी ओतलं, कुंडी ठेवली, हार चढवला. आणि मागं वळले तर दारातून दिसणाऱ्या त्यांच्या रिकाम्या पलंगाकडं माझे दोन्ही हात आपोआप पुढं झाले, दाखवायला.