आयुधपूजेचा नारळ आणि कापडी पंख

राजाजीनगरच्या उमाकांतअण्णांनी उभा जन्म विमानाच्या कारखान्यात काढला, पण स्वतः बांधलेल्या विमानात बसून उडायचं काही नशिबी आलं नाही. प्रवासी विमान ते जमेतच धरत नसत. ती म्हणे उडती बस. निवृत्तीनंतर त्यांनी चार दोस्तांबरोबर शहराबाहेरच्या एका शेडमध्ये मोडकं टायगर मॉथ दुरुस्तीला घेतलं. बायको वीणाताई म्हणायच्या, "भंगारवाला तरी फुकट नेतो का बघा."

हे विमान म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं इंग्रजी खूळ. फौजेतल्या पोरांना उडायला शिकवायसाठी काढलेलं. ब्रेक नाहीत, इंजिन सुरू करायचं तर पुढचा पंखा हाताने फिरवा. पंख लाकडाचे, वरून कापड. मास्तर पुढे, शिष्य मागे. अण्णा रंगवून सांगत, "मास्तरला पॅराशूट घेऊन पटकन उडी मारता यावी म्हणून वरचा पंख खास पुढे सरकवला. पोरगं गेलं खड्ड्यात. याला म्हणतात शिक्षणखातं."

विमान उभं राहिलं, चाचणी झाली. पहिली फेरी अण्णांची ठरली. वैमानिक दयानंद मोठा शिस्तीचा; ऐंशी ओलांडलेल्याला विमानात घ्यायचं नाही, हा त्याचा नेम. अण्णांना ऐंशी पुरी व्हायला आठवडा उरला होता आणि दयानंद त्याच दिवशी दुपारी महिनाभरासाठी परगावी निघणार होता. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

नेमकी त्या दिवशी आयुधपूजा. कारखान्यात लेथलासुद्धा हळदकुंकू वाहणारे अण्णा विमानाला तसंच कसं सोडतील? झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, सगळं झालं. नारळ त्यांनी स्वतःच आपटला, तोही सवयीने, लोखंडी मशीनपुढे आपटायचे तस्सा. करवंटीचा तुकडा उडाला आणि खालच्या पंखाच्या कापडात घुसला.

कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे खोबऱ्यावर तुटून पडलेले. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, तुकडा काढला आणि भोकावर कुंकवाचा ठसा उमटवला. शुभच दिसत होतं. मग पुढच्या सीटवर चढून त्यांनी पट्टे बांधले. मनातून मात्र पार हादरले होते. वर गेल्यावर वाऱ्याने ते कापड फाटत जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपलं काय, गोवऱ्या कधीच मसणात गेल्यात. पण मागे दयानंद बसला होता आणि त्याची लेक अजून शाळेत जात होती.

"दयानंदा, उतर," ते म्हणाले. "पंख फाटलाय. मीच फाडला."

"सरी, अण्णा," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच म्हणून दयानंदने पट्टे सोडले. ठिगळ लावून त्यावरचा लेप वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर दयानंद निघून गेला होता. अण्णा कोपऱ्यात बसून ढसाढसा रडले, आणि वर देवालाही चार शिव्या हासडल्या.

महिन्याने दयानंद परतला. नेम मोडायला काही तयार होईना. म्हणाला, "अण्णा, तुमची फेरी वीणाअक्कांना देतो." वीणाताई पदर खोचून चढल्या. विमान उडालं, एक गिरकी घेऊन उतरलं. अण्णा धापा टाकत जवळ गेले.

"काय काय दिसलं गं?"

"तुम्ही," वीणाताई म्हणाल्या. "एवढेसे दिसत होतात. वेड्यासारखे हात हलवत होतात. दुसरीकडे बघायचं सुचलंच नाही."